बिनतारी पडदा आणि कचेरीचे जाळे

१. जादूच्या दिव्यापासून

पडद्यावर चित्र उमटवून मंडळींना विषय समजावून देण्याची कला आपल्याकडे नवी नाही. चलच्चित्रांचा उदय होण्यापूर्वी, 1890 च्या दशकात, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन हे ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ करीत असत. काचेवर रंगविलेले चित्र दिव्यासमोर सरकवावयाचे आणि भिंगातून त्याची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडावयाची, अशी त्या खेळाची साधी रचना होती. चित्र आणि दिवा यांच्यामध्ये वीतभरही अंतर नसे.

पुढे संगणक आला. चित्र आता काचेवर नसून संगणकाच्या स्मृतीत असते, आणि ते तारेतून प्रक्षेपकाकडे जाते. परंतु तार म्हटली की तिच्या अडचणीही आल्याच. ती आखूड पडते, तिचे टोक एका यंत्राला बसते तर दुसऱ्याला बसत नाही, आणि वक्ता बदलला की ती एका मेजावरून दुसऱ्या मेजावर न्यावी लागते. या अडचणींतून बिनतारी सादरीकरण-यंत्र निर्माण झाले. पडद्यामागे एक लहानशी पेटी बसवितात. तिला या लेखात ‘ग्राही’ असे म्हटले आहे. वक्त्याचा लॅपटॉप किंवा मोबाइल हा ‘प्रेषक’ होय. प्रेषकाने चित्र हवेतून धाडावे, ग्राहीने ते झेलून पडद्यावर दाखवावे, एवढेच यातील काम.

काम एवढे सोपे दिसत असले, तरी नवी पेटी विकत आणून कचेरीच्या जाळ्यास जोडली की पुष्कळदा चित्र दिसत नाही. ते का दिसत नाही, आणि ते दिसावे म्हणून काय करावे व काय कदापि करू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. पहाडगंजातील एक कचेरी

विषय स्पष्ट होण्यासाठी एका कचेरीची कल्पना करू. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज ही दाट वस्ती आहे. राजधानीत येणाऱ्या मराठी माणसास ती परकी नाही. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा याच भागात आहेत. येथील मुख्य बाजाराच्या दोन्ही अंगांना अरुंद गल्ल्या असून त्यांत उतारूंची हॉटेले, दुकाने आणि कचेऱ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. अशा एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, बारा माणसांची एक कचेरी आहे असे समजू. तिच्यात एक सभाखोली आहे. कचेरीचे हिशेब, पत्रव्यवहार आणि ग्राहकांची कागदपत्रे एका सामाईक संगणकावर साठविलेली आहेत. कामानिमित्त बाहेरची माणसे येतात. त्यांच्यासाठी ‘पाहुण्यांचे वाय-फाय’ वेगळे ठेवले आहे.

एके दिवशी बाहेरगावचा वक्ता येतो. तो आपला मोबाइल पाहुण्यांच्या वाय-फायला जोडतो आणि पडद्याचे नाव शोधू लागतो. नाव दिसत नाही. मंडळी ताटकळत बसली आहेत. अशा वेळी कोणीतरी घाईने म्हणतो, “त्यांना कचेरीच्या वाय-फायचा परवलीचा शब्द देऊन टाका.” शब्द दिला जातो, चित्र दिसते, सभा पार पडते. सर्वांचे समाधान होते. परंतु त्या क्षणी कचेरीने काय गमावले, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ते समजण्यासाठी प्रथम चित्राचा प्रवास पाहिला पाहिजे.

३. चित्राचे वजन

आजच्या नेहमीच्या पडद्यावर आडव्या ओळीत 1,920 आणि उभ्या ओळीत 1,080 बिंदू असतात. म्हणजे एका चित्रात 20,73,600 बिंदू झाले. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यासाठी 24 बिट लागतात असे धरले, तर एका चित्रास 4,97,66,400 बिट लागतील. हालचाल अखंड दिसावी म्हणून सेकंदास 30 चित्रे दाखवावयाची, तर दर सेकंदास सुमारे 149 कोटी बिट धाडावे लागतील. एवढा भार साध्या वाय-फायला पेलणारा नाही.

यावर उपाय संक्षेपणाचा. एका चित्रामागून येणारे दुसरे चित्र बहुतांशी पहिल्यासारखेच असते. वक्ता एका तक्त्यावर दोन मिनिटे बोलत असेल, तर त्या अवधीत पडद्यावर हलतो तो फक्त बाणाचा लहानसा दर्शक. मग सगळे चित्र पुनःपुन्हा कशाला धाडावे? जेवढे बदलले तेवढेच कळवावे, हे संक्षेपणाचे मुख्य सूत्र होय. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एच.264 या प्रमाणकात हे तत्त्व फार कुशलतेने वापरले आहे. अशा रीतीने 149 कोटी बिटांचे ओझे साधारणतः एक कोटी बिटांच्या आसपास आणता येते.

मात्र या सोयीची किंमत द्यावी लागते. प्रेषकाने चित्र आवळावयाचे, ग्राहीने ते उलगडावयाचे आणि वाटेत काही भाग उशिरा आल्यास त्याची वाट पाहावयाची, यात थोडा वेळ जातो. म्हणून बिनतारी पडद्यावरील चित्र हाताच्या हालचालीमागून किंचित रेंगाळत येते. तक्ते आणि छायाचित्रे दाखविताना ते जाणवत नाही. मोबाइलवरील खेळ दाखविताना मात्र लगेच जाणवते.

४. हवेतील गर्दी

बिनतारी लहरी भिंतीतून पार जातात, हे आपल्या देशात फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. 1895 साली जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील जाहीर प्रयोगात अशा लहरींनी भिंतीपलीकडील घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. भिंत ओलांडण्याचा हा गुण सोयीचा आहे, तसाच तो गैरसोयीचाही आहे. आपली लहर शेजाऱ्याकडे जाते, आणि शेजाऱ्याची आपल्याकडे येते.

वाय-फायच्या लहरींचे दोन पट्टे सर्वत्र प्रचलित आहेत. पहिला 2.4 गिगाहर्ट्‌झचा, त्यातील लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. दुसरा 5 गिगाहर्ट्‌झचा. त्यातील लहर सुमारे सहा सेंटिमीटरची. लांब लहर भिंतीतून अधिक सहजतेने जाते, आखूड लहर लवकर क्षीण होते. भारतात पहिला पट्टा 2005 साली परवान्याच्या बंधनातून मुक्त झाला. त्याची रुंदी 83.5 मेगाहर्ट्‌झ आहे. 2018 साली 5 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील एकूण 605 मेगाहर्ट्‌झ मोकळे करण्यात आले. म्हणजे दुसरा रस्ता पहिल्याहून सातपट रुंद आहे.

पहिल्या पट्ट्यात 13 वाहिन्या वापरतात. परंतु त्यांची केंद्रे एकमेकींपासून अवघी 5 मेगाहर्ट्‌झ दूर, आणि एका वाहिनीस जागा हवी सुमारे 20 मेगाहर्ट्‌झ. त्यामुळे लगतच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. एकमेकींना न भिडणाऱ्या तीनच वाहिन्या सोयीने निवडता येतात : 1, 6 आणि 11. पहाडगंजासारख्या गल्लीत समोरचे हॉटेल, खालचे दुकान आणि वरची कचेरी या सर्वांना याच तिन्हींत भागवावे लागते.

येथे वाय-फायचा शिष्टाचार लक्षात घेतला पाहिजे. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे. बोलण्यापूर्वी कोणी बोलत आहे काय ते ऐकावयाचे. बोलत असल्यास थांबावयाचे. पत्रासारखा मजकूर क्षणभर थांबला तर बिघडत नाही. चित्रांची माळ मात्र थांबली की पडदा अडखळतो. यास्तव सभाखोलीसाठी 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा, हा पहिला नियम. त्याची लहर भिंतीत लवकर विरते, हा येथे दोष नसून गुण आहे. कारण शेजाऱ्याची लहरही आपल्या खोलीत क्षीण होऊनच पोहोचते.

दुसरा नियम याहून सोपा आहे. ग्राही पेटी भिंतीला पक्की बसविलेली असते. ती काही चालत नाही. मग तिला तरी हवेतून का जोडावे? ती तारेने स्विचला जोडावी. तसे केले म्हणजे चित्र हवेतून एकदाच जाते : प्रेषकापासून छतावरील अॅक्सेस पॉइंटपर्यंत. पुढचा प्रवास तारेतून होतो. पेटीही बिनतारी ठेवली, आणि ती त्याच अॅक्सेस पॉइंटला जोडलेली असली, तर तेच चित्र हवेतून दोनदा जाते व गर्दी दुप्पट होते.

५. दवंडी आणि वेस

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाहुण्याच्या मोबाइलला पडद्याचे नाव का दिसले नाही?

पूर्वी गावात एखादी गोष्ट सर्वांना कळवावयाची असल्यास दवंडी पिटीत. दवंडी कोणा एकाच्या नावाने नसते; ती जो ऐकेल त्याच्यासाठी असते. परंतु ती गावाच्या वेशीपर्यंतच. वेशीपलीकडच्या गावात ती ऐकू जात नाही.

बिनतारी पडद्याचा शोध याच रीतीने लागतो. मोबाइल जाळ्यात विचारतो, “येथे चित्र दाखविणारे कोणी आहे काय?” हा प्रश्न एका विशिष्ट सामुदायिक पत्त्यावर धाडला जातो, तो पत्ता 224.0.0.251 असून त्याचे द्वार 5353 या क्रमांकाचे आहे. त्या जाळ्यातील प्रत्येक यंत्रास तो प्रश्न ऐकता येतो, आणि पेटी उत्तर देते, “मी आहे; माझे नाव अमुक, माझा पत्ता अमुक.” या पद्धतीस मल्टिकास्ट डीएनएस असे म्हणतात. ॲपलची एअरप्ले आणि गूगलची क्रोमकास्ट या दोन्ही पद्धती तिचा उपयोग करतात.

जाळ्याचे भाग जेथे मिळतात, तेथे राउटर असतो. तोच गावाची वेस. वरील सामुदायिक पत्ता मुद्दामच असा ठरविला आहे, की त्यावरील हाक राउटरने पुढे नेऊ नये. तसे नसते, तर प्रत्येक घरातील हाक जगभर दुमदुमली असती. सारांश, पाहुण्यांचे वाय-फाय हे एक गाव आणि कचेरीचे जाळे हे दुसरे. पेटी दुसऱ्या गावात बसलेली. पाहुण्याची दवंडी तिला ऐकूच आली नाही. यंत्र बिघडलेले नव्हते. वेस आपले काम चोख करीत होती.

एवढ्यावरून पेटी पाहुण्यांच्या वाय-फायमध्येच ठेवावी असे कोणी सुचवील. पण पुष्कळ ठिकाणी त्या वाय-फायवर एका पाहुण्याच्या यंत्रास दुसऱ्याच्या यंत्राशी बोलू दिले जात नाही. अनोळखी माणसांच्या यंत्रांना परस्परांपासून जपण्यासाठी ही तरतूद असते, आणि ती योग्यच आहे. तिच्यामुळे त्याच गावात असूनही पेटी अबोल ठरते.

६. वेस पाडण्याचा मोह

आता घाईच्या उपायाकडे पाहू. पाहुण्यास कचेरीचा परवलीचा शब्द दिला, म्हणजे त्याला गावात घेतले. पडदा त्याला दिसला. पण त्याचबरोबर हिशेबांचा संगणक, छापण्याचे यंत्र आणि बाराही माणसांचे लॅपटॉप त्याच्या मोबाइलच्या हाकेच्या अंतरात आले. पाहुणा सज्जन असेल. परंतु त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्या नकळत काय शिरले आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. शिवाय मोबाइल एकदा दिलेला शब्द विसरत नाही. वक्ता पुढच्या वर्षी खालच्या गल्लीतून गेला, तरी लहर तेथवर पोहोचत असल्यास त्याचा मोबाइल आपण होऊन कचेरीच्या जाळ्यास जोडला जाईल.

दुसरा मोह पेटीच्या स्वतःच्या वाय-फायचा. कित्येक ग्राही स्वतःचे लहानसे जाळे निर्माण करतात, म्हणजे पाहुण्याने थेट पेटीस जोडून घ्यावे. मिराकास्ट या पद्धतीत, जी 2012 साली पुढे आली, असाच थेट संबंध जुळविला जातो. पेटी कचेरीच्या जाळ्याशी जोडलेली नसेल, तर यात वावगे काही नाही. परंतु तीच पेटी तारेने कचेरीशी आणि हवेतून पाहुण्याशी जोडलेली असेल, तर तिला एक तोंड आत आणि एक बाहेर अशी दोन दारे झाली. तिच्यातील आज्ञावलीत दोष असल्यास ती चोरवाट बनते. ही भीती काल्पनिक नव्हे. 2019 साली सुरक्षा-संशोधकांनी निरनिराळ्या कारखान्यांच्या बिनतारी सादरीकरण-यंत्रांतील गंभीर दोष प्रसिद्ध केले. कारखान्यांना सुधारलेल्या आज्ञावल्या द्याव्या लागल्या.

७. चावडीची मांडणी

जुन्या गावात परगावचा माणूस आला, तर त्यास कोणाच्या माजघरात नेत नसत. त्याचे काम चावडीवर होई. गावकरीही तेथेच येत. कचेरीच्या जाळ्यातही अशी एक चावडी निर्माण करावयाची, हे योग्य मांडणीचे तत्त्व होय. ती पुढील क्रमाने करावी.

(१) जाळ्याचे तीन भाग पाडावेत : कचेरी, पाहुणे आणि पडदे. त्यासाठी वेगळ्या तारा ओढाव्या लागत नाहीत. स्विच प्रत्येक संदेशावर भागाचा क्रमांक घालतो, आणि एकाच तारेतून तिन्ही भाग परस्परांत न मिसळता वाहतात. या कल्पित भागास व्हीलॅन म्हणतात. उदाहरणार्थ, कचेरीस 192.168.10, पाहुण्यांस 192.168.20 आणि पडद्यांस 192.168.30 या आरंभाचे पत्ते द्यावेत.

(२) ग्राही पेटी तारेने ‘पडदे’ या भागात जोडावी. तिचा पत्ता नेहमी तोच राहील अशी नोंद राउटरमध्ये करावी. पेटीचे स्वतःचे वाय-फाय नको असेल, तर ते बंद करावे.

(३) दवंडी वेशीपलीकडे नेण्यासाठी राउटरमध्ये किंवा वाय-फायच्या नियंत्रकामध्ये मल्टिकास्ट डीएनएसचा पुनरुच्चारक चालू करावा. तो वेशीवर उभा राहून एका गावची दवंडी दुसऱ्या गावात पुन्हा देतो. मात्र त्याने सर्वच हाका पुढे नेऊ नयेत. फक्त पडद्यांच्या न्याव्यात. छापण्याचे यंत्र कोठे आहे, हे पाहुण्यास कळण्याचे कारण नाही. शिवाय सामुदायिक हाका वाय-फायवर संथ गतीने धाडल्या जातात; त्या वाढल्या की हवेतील गर्दी वाढते.

(४) नाव कळले म्हणजे वाट मिळाली असे नव्हे. ‘कचेरी’ आणि ‘पाहुणे’ या दोन्ही भागांतून ‘पडदे’ भागाकडे जाण्यास परवानगी द्यावी, पण चित्रासाठी लागणाऱ्या द्वारांपुरतीच. ती द्वारे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असतात. ‘पडदे’ भागातून कचेरीकडे कोणताही नवा संवाद सुरू होऊ देऊ नये. काही पद्धतींत पेटीच उलट प्रेषकास हाक देते. तेथे नेमका तेवढाच अपवाद ठेवावा. ‘पाहुणे’ भागातून ‘कचेरी’ भागाकडे वाट मुळीच असू नये.

(५) पेटीबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. तिची व्यवस्था पाहण्याचे पान फक्त व्यवस्थापकाच्या संगणकावरून उघडावे. आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी.

(६) प्रत्येक जोडणीच्या वेळी पडद्यावर नवा अंक दिसावा व तो प्रेषकाने भरावा, अशी योजना करावी. लहर भिंतीपलीकडे जाते, पण पडद्यावरील अंक खोलीत बसलेल्यासच दिसतो. असे नसेल, तर चुकीच्या पडद्याचे नाव निवडणारा कोणीही आपले खाजगी चित्र भलत्याच सभेपुढे मांडील.

८. दोष कोठे आहे?

एवढे करूनही अडचण आलीच, तर गोंधळून जाऊन सर्व मांडणी उलटीपालटी करू नये. तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पडद्याचे नाव दिसते काय? दिसत नसेल, तर दोष दवंडीत आहे. पुनरुच्चारक चालू आहे की नाही, आणि तो योग्य भागांना जोडलेला आहे की नाही, हे तपासावे.

नाव दिसते, पण जोडणी होत नाही असे आहे काय? मग दवंडी पोहोचली आहे, पण वाट अडली आहे. वेशीवरील परवानग्या पाहाव्यात. एखादे द्वार राहून गेलेले असते.

जोडणी होते, पण चित्र अडखळते असे आहे काय? मग दवंडी आणि वेस दोन्ही निर्दोष आहेत. दोष हवेत आहे. प्रेषक 2.4 गिगाहर्ट्‌झवर तर नाही ना, आणि शेजाऱ्याने तीच वाहिनी धरली आहे काय, ते पाहावे. त्यासाठी मोबाइलवरील वाय-फाय मोजण्याचे साधन पुरेसे होते.

लक्षणावरून दोषाचे स्थान ओळखणे, ही शास्त्रीय विचाराची पहिली पायरी आहे. पहाडगंजातील त्या सभाखोलीत नाव दिसत नव्हते. म्हणजे दोष पहिल्या प्रकारचा होता. त्यास परवलीचा शब्द हे औषधच नव्हते.

९. समारोप

शांबरिक खरोलिकेच्या काळी पडद्यावर काय दिसावे, हे दिव्याजवळ बसलेल्या माणसाच्या हाती होते. तार गेली, तसा तो माणूसही गेला. त्याची जागा जाळ्याच्या नियमांनी घेतली. हे नियम नीट मांडले, तर पाहुणा येताक्षणी आपले चित्र दाखवू शकतो आणि कचेरीची कागदपत्रे त्याच्या दृष्टीसही पडत नाहीत. सोय आणि सुरक्षितता यांचे वैर आहे असे मानण्याचे कारण नाही. दवंडी वेशीपलीकडे न्यावी. वेस पाडू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सेकंदास 60 चित्रे दाखवावयाची असल्यास संक्षेपणावाचून दर सेकंदास किती बिट धाडावे लागतील?

२. ग्राही पेटी तारेने जोडल्याने हवेतील गर्दी कशी कमी होते?

३. मल्टिकास्ट डीएनएसची हाक राउटरने पुढे नेली असती, तर काय झाले असते?

४. आपल्या शाळेत किंवा ग्रंथालयात पडदा, पाहुणे आणि कचेरी असे तीन भाग पाडावयाचे झाल्यास कोणती यंत्रे कोणत्या भागात ठेवाल? कारणे द्या.